कंबर वयानें मोडते कीं खुरप्यानें ?

माघ-फाल्गुनांत वसमत, कळमनुरी, औंढा या भागांत हळदीची काढणी चालू असते. पाला कापून झालेला, कंद उकरून ठेवलेले, आणि त्यांच्याभोंवतीं बायामाणसें उकिडवीं बसून गड्डे व हळकुंडें वेगळीं करीत आहेत, हा देखावा हिंगोली जिल्ह्यांतील कोणाहि शेतकऱ्यास नवा नाहीं. दुपारीं जेवणाची सुटी होते तेव्हां क्षणभर थांबून पाहावें. तरण्या मुली चटकन् उठतात. चाळिशी ओलांडलेल्या बायका गुडघ्यावर हात देऊन उठतात. साठीच्या पुढच्या एक-दोघी मात्र प्रथम हातांवर भार देऊन पुढें सरकतात, मग कंबर धरतात, मग कोणाचा तरी हात धरून अर्धवट वाकलेल्या स्थितींतच बांधाकडे चालूं लागतात. विचारलें तर उत्तर ठरलेलें : "वय झालं बाबा, आता असंच चालायचं."

हेंच उत्तर घरांतील वडीलधारीं माणसें देतात, हेंच पुष्कळदां दवाखान्यांत ऐकूं येतें, आणि आपणहि तें खरें मानून मोकळे होतों. बैल लंगडूं लागला तर आपण त्याचा खूर उचलून पाहतों. 'बैलाचें वय झालें' असें म्हणून त्यास तसाच औताला जुंपीत नाहीं. माणसाच्या बाबतींत मात्र वय हा शब्द उच्चारला कीं चौकशी संपते. माझें म्हणणें असें कीं, हें उत्तर फार थोडें खरें व फार मोठें खोटें आहे, आणि त्यांतील खोट्या भागाची किंमत आपल्या घरचीं माणसें व आपल्या शेतांतील मजूर देत आहेत.

प्रथम खरा भाग सांगून टाकतों. तिशी-चाळिशीनंतर मनुष्याचे स्नायु हळूहळू झडूं लागतात, आणि स्नायूंच्या आकारापेक्षां त्यांचें बळ अधिक वेगानें घटतें. या झिजेस अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९८९ सालीं 'सार्कोपेनिया' असें नांव दिलें. मांस व उणीव या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून तें केलेलें आहे. स्त्रियांचा विटाळ जाण्याचें वय उलटलें कीं हाडांतील चुना झपाट्यानें कमी होतो, मणके ठिसूळ होतात, आणि कधीं कधीं एखादी घागर उचलण्याच्या निमित्तानेंहि मणका दबून पाठीस पोक येतें. मणक्यांमधील गाद्या सुकतात. इतकें वयाचें काम. पण याच वयाचीं दोन माणसें एकाच गांवांत पाहावीं : एक नरसीच्या यात्रेस पायीं जाऊन येतो, दुसऱ्यास बाजेवरून उठवावें लागतें. दोघांच्या वयांत फरक नाहीं. तेव्हां हा फरक वयानें पाडलेला नाहीं हें उघड आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, शेतकरी तर जन्मभर राबतो. त्याचे स्नायु दुर्बळ होतीलच कसे? हा आक्षेप मलाहि पुष्कळ दिवस खरा वाटे. परंतु कष्ट आणि बळ या दोन वस्तु निराळ्या आहेत. स्नायूस त्याच्या संवयीपेक्षां थोडा जास्त भार मिळाला आणि मागाहून विसांवा व अन्न मिळालें, तर तो वाढतो. दिवसभर उकिडवें बसून हलकें खुरपें चालविण्यांत मांडीस नवें बळ येण्याजोगें कांहीं नाहीं. कंबरेचे स्नायु मात्र आठ-आठ तास ताणलेल्या स्थितींत राहून थकून जातात. वाकण्यानें मणक्यांमधील गादीवर दाब वाढतो, हें स्वीडनच्या नाकेमसन या अस्थिवैद्यानें १९६० नंतरच्या दशकांत माणसांच्या गादींत सुई घालून प्रत्यक्ष मोजून दाखविलें होतें. म्हणजे आपल्या शेतीचें काम कंबरेस झिजवितें व मांड्यांस वाढवीत नाहीं. त्यांत आतां नांगरणी ट्रॅक्टरवर गेली, शेतावर जाणें मोटारसायकलवर गेलें; आणि सातबारा मुलांच्या नांवें झाला कीं म्हातारा जो ओसरीवर बसतो तो बसतोच. चाळीस वर्षें कंबरेनें कष्ट केले, आणि नंतरचीं वीस वर्षें पायांनीं कांहींच केलें नाहीं, असा हा हिशेब आहे.

आतां माझ्याच घरची गोष्ट सांगतों. सुमारें बारा वर्षांपूर्वीं, सोयाबीनच्या राशी पडल्या असतां, माझ्या आईची कंबर धरली. तिचें वय तेव्हां अडुसष्ट होतें. तालुक्याच्या गांवीं दाखविलें. सहा आठवडे अंथरुणावरून हलावयाचें नाहीं, कंबरेस पट्टा, आणि दिवसाआड एक इंजेक्शन, असा हुकूम झाला. आम्हीं तो श्रद्धेनें पाळला. सुनांनीं तिला पाण्याचा तांब्यासुद्धां उचलूं दिला नाहीं. सेवा कशी करावी याचें उदाहरण म्हणून शेजारीं आमचें नांव घेऊं लागले. सहा आठवड्यांनीं दुखणें बरेंच कमी झालें होतें, पण आईस बाजेवरून उठतां येईना. मांड्या इतक्या बारीक झाल्या होत्या कीं लुगडें सैल पडे. पुढें ती भिंतीस धरून चालली, दीड वर्षानें न्हाणीघरांत पडली, खुब्याचें हाड मोडलें, आणि त्यांतून ती उठली नाहीं. दुखण्यानें आई गेली असें आम्ही त्या वेळीं म्हणालों. ती दुखण्यानें गेली नाहीं. आमच्या सेवेनें गेली, हें मला फार उशिरां कळलें.

कळलें तें असें. हेलसिंकी शहरांत म्युनिसिपालिटीच्या नोकरांवर केलेला एक प्रयोग १९९५ सालीं प्रसिद्ध झाला होता. कंबर धरलेल्या लोकांपैकीं कांहींस अंथरुणावर पडून राहण्यास, कांहींस कंबरेचे ठराविक व्यायाम करण्यास, आणि कांहींस सोसवेल तितकें नेहमींचें काम करीत राहण्यास सांगण्यांत आलें. सर्वांत लवकर बरे झाले ते नेहमींचें काम करणारे. सर्वांत मागें राहिले ते पडून राहिलेले. २००७ सालीं अमेरिकेंत धडधाकट वृद्धांस केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवून पाहिलें, तों त्यांच्या पायांचें सुमारें एक किलो मांस झडलेलें आढळलें. दहा दिवसांत एक किलो. आणि आम्हीं आईस बेचाळीस दिवस निजविलें!

याच्या उलट गोष्टहि तितकीच खरी आहे, आणि ती अधिक आनंदाची आहे. १९९० सालीं बोस्टन येथील एका वृद्धाश्रमांतील दहा जणांकडून डॉक्टर मारिया फियातारोन यांनीं आठ आठवडे मांड्यांचा भारी व्यायाम करविला. त्यांचें सरासरी वय नव्वद होतें. त्यांच्या मांड्यांचें बळ सरासरी १७४ टक्क्यांनीं वाढलें, म्हणजे पूर्वींच्या पावणेतीनपट झालें. दोघांनीं हातांतली काठी टाकून दिली. व्यायाम बंद केल्यावर मात्र चारच आठवड्यांत मिळविलेलें बरेंचसें बळ उतरूं लागलें. नव्वदाव्या वर्षीं स्नायु वाढतो हें ज्यास ठाऊक आहे त्यानें साठीच्या माणसास 'आता असंच चालायचं' म्हणणें हा अपराध समजावा.

आपल्या घरची स्थिति पाहावयाची असेल तर यंत्र नको. हात छातीवर घडी करून, बिनहाताच्या खुर्चीवरून सलग पांच वेळां उठावें व बसावें. यास पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागला, किंवा हातांचा आधार घ्यावाच लागला, तर मांड्यांचें बळ उणें आहे असें समजावें. उपायहि त्याच खुर्चींत आहे. आठवड्यांतून तीन दिवस, आठ-दहा वेळां उठणें-बसणें, थोडें थांबून पुन्हां तितकेंच. तें सोपें वाटूं लागलें कीं हळकुंडांची दोन किलोंची पिशवी छातीशीं धरून. चौकटीस धरून टाचा उचलणें, भिंतीस हात टेकून अंग पुढें-मागें करणें, हेंहि त्यांत घालावें. ज्यांस हृदयविकार आहे किंवा तोल जातो त्यांनीं वैद्याचा सल्ला घेऊन व जवळ कोणी असतां करावें. नुसतें सकाळचें फिरणें चांगलेंच, पण त्यानें मांडीचें गेलेलें बळ परत येत नाहीं.

परंतु व्यायामाचा उपदेश करून मी थांबलों तर या मासिकांत लिहिण्याचें कारण नव्हतें. तो उपदेश कोणताहि वैद्य करील. आपण जमीनधारक आहों. कोणत्या अवजारानें काम व्हावें, पोतें किती वजनाचें यावें, मजुरी कशी ठरावी, हें आपल्या हातीं आहे. आणि खुरप्याविषयीं मला जें म्हणावयाचें आहे तें यासाठींच लांबवितों.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतांत सॅलिनसच्या खोऱ्यांत लेट्यूसची भाजी मोठ्या प्रमाणावर होते. तेथें विरळणी व खुरपणी करण्यासाठीं मजुरांस एक आखूड दांड्याचें कुदळें दिलें जाई. दांडा जेमतेम हातभर ते दीड हात. मजूर बहुतेक मेक्सिकन. दिवसभर कंबरेंत वाकून तें चालवावें लागे, आणि ऐन तिशी-चाळिशींत माणसें पाठीनें निकामी होत. मजुरांचा पुढारी सीझर चावेझ यानें स्वतः लहानपणीं तें चालविलेलें होतें. बागाईतदारांचें म्हणणें असें कीं, लांब दांड्यानें रोप दुखावतें, काम निष्काळजी होतें, उत्पन्न बुडेल. यामागें आणखी एक कारण होतें, तें ते उघड बोलत नसत : आखूड दांड्याचा मजूर पाठ सरळ करून उभा राहिला कीं तो काम करीत नाहीं हें मुकादमास दुरूनच दिसे. मजुरांच्या वकिलांनीं अर्ज केला. सरकारी खात्यानें तो प्रथम फेटाळला. डॉक्टरांच्या साक्षी झाल्या. आणि १९७५ सालीं त्या प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयानें मजुरांच्या बाजूनें निकाल दिला. आखूड कुदळें बंद झालें. लेट्यूसची शेती बुडाली नाहीं. सॅलिनस आजहि त्याच भाजीसाठीं प्रसिद्ध आहे.

आपलें खुरपें तर वीतभर मुठीचें. तेथील मजूर उभ्यानें वाकत, आपल्या बायका उकिडव्या बसून सरकतात; म्हणून येथें कंबरेबरोबर गुडघेहि जातात. सोयाबीनची कापणी उक्ती दिलेली असते, म्हणजे जितका एकर तितका पैसा. त्यांत पाठ सरळ करण्यास जो थांबेल त्याचेंच नुकसान. उक्त्या कामाची ही रीत आपणच पाडलेली आहे, आणि ती आपणांस परवडते म्हणूनच ती टिकली आहे. कोणी म्हणतात, आमच्या आजीनें जन्मभर खुरपें चालविलें आणि ती नव्वद वर्षें जगली. खरें असेल. पण ज्या आज्या पन्नाशींत वाकल्या व साठींत गेल्या, त्यांचीं उदाहरणें देण्यास कोणी उरलेलें नसतें.

उभ्यानें चालवावयाचीं हातकोळपीं, चाकाचें सायकल कोळपें, दांतेरी वैभव विळा हीं अवजारें नवीं नाहींत. परभणीच्या कृषि विद्यापीठांत शेतकरी स्त्रियांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर पुष्कळ काम झालेलें आहे, आणि कळमनुरी तालुक्यांत तोंडापूर येथें कृषि विज्ञान केंद्र आपल्या दाराशींच आहे. तेथें जाऊन आपण बियाण्याचा वाण विचारतों, फवारणीचें औषध विचारतों. दांडा किती लांब असावा हें विचारणारा शेतकरी मीं अजून पाहिला नाहीं. हें मान्य आहे कीं दोन ओळींतील तण कोळप्यानें निघतें, पण रोपाच्या बुडाशीं हात घालावाच लागतो. तेवढ्यासाठीं खुरपें राहील. आठ तासांचें काम दोन तासांवर आलें तरी तो फायदा थोडा नव्हे. उरलेल्या दोन तासांसाठीं बूड टेकावयास वीतभर उंचीचा पाट किंवा पेंढ्यानें भरलेली गोणी द्यावी. हळदीचे गड्डे मोडतांना तर हें सहज करतां येतें, कारण तेथें सरकावें लागत नाहीं. कंद जमिनीवर न पसरतां कमरेइतक्या उंच फळीवर टाकले तर उभ्यानेंच काम होतें.

पोत्याची गोष्ट अशीच. युरियाचें पोतें ५० किलोंचें होतें तें २०१८ सालीं ४५ किलोंचें झालें. तेंहि खताचा वापर कमी व्हावा म्हणून, कोणाच्या कंबरेची दया येऊन नव्हे. डीएपीचें पोतें ५० किलोंचेंच आहे. अमेरिकेंतील सरकारी आरोग्यसंस्थेनें १९९१ सालीं हिशेब करून असें ठरविलें कीं, सर्व परिस्थिति अनुकूल असतां दोन हातांनीं उचलावयाचें ओझें २३ किलोंपेक्षां अधिक नसावें. आपलें पोतें याच्या दुप्पट, आणि परिस्थिति म्हणजे चिखलाचा बांध. २५ किलोंचें पोतें केल्यास बारदानाचा खर्च थोडा वाढेल हें खरें. पण तो खर्च कोणा एकाच्या कंबरेंतून वसूल करण्याऐवजीं पावतीवर यावा हेंच न्याय्य होय.

अन्नाविषयीं एकच गोष्ट सांगतों, कारण ती मला रोज खटकते. स्नायु वाढण्यास प्रथिनें लागतात. उतारवयांत शरीराच्या दर किलो वजनामागें दिवसास एक ते सव्वा ग्रॅम प्रथिन असावें असें तज्ज्ञांचें मत आहे. म्हणजे साठ किलोंच्या माणसास साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. आपल्या म्हाताऱ्यांच्या ताटांत काय असतें ? दांत गेले म्हणून दुधांत कुसकरलेली अर्धी भाकरी आणि पातळ वरण. त्यांतून निम्मेंहि भरत नाहीं. आणि याच घराच्या कोठारांत सोयाबीनचीं पोतीं थप्पीस लावलेलीं असतात, ज्याच्या शंभर ग्रॅममध्यें छत्तीस ते चाळीस ग्रॅम प्रथिन आहे ! आपण तें सगळें मोंढ्यावर नेतों आणि येतांना तेलाचा डबा आणतों. सोयाबीन कच्चें खाऊं नये. वीस-पंचवीस मिनिटें उकळून, वाळवून, ज्वारी-गव्हांत दहावा हिस्सा घालून दळावें. भाकरीस चव बदलत नाहीं, हें मी घरच्या अनुभवानें सांगतों. शाकाहारी घरांत बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळ आढळते व तिनेंहि अंग गळतें, पायांस मुंग्या येतात. ती रक्ततपासणींत कळते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रथिनांचें प्रमाण वैद्यास विचारून ठरवावें.

हळदीचें काय, असें आपल्या भागांतील वाचक विचारणारच. वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालें आहे व आपणां सर्वांस तिचा अभिमान आहे. पण तींतील कर्क्युमिन हें द्रव्य पोटांतून रक्तांत फारच थोडें जातें. दुधांत हळद घालून प्यावी, सुखानें प्यावी. तिनें मांडी भरत नाहीं, इतकेंच. जी वस्तु आपणच पिकवून विकतों तिच्याविषयीं अधिक बोलण्याचा मोह टाळणें कठीण असतें.

याहून वाईट म्हणजे त्या पुड्या, ज्या आठवडी बाजारांत व कांहीं दवाखान्यांत नांवाशिवाय मिळतात. घेतांच दोन दिवसांत म्हातारा चालूं लागतो, आणि सगळा गांव त्या वैद्याची कीर्ति गातो. अशा पुड्यांत पुष्कळदां स्टेरॉइड असतें. तें महिनेच्या महिने पोटांत गेलें कीं हाडें ठिसूळ होतात आणि मांड्यांचे स्नायु झडतात. म्हणजे ज्या दुखण्यासाठीं घेतलें तेंच दुप्पट होऊन परत येतें. वेदनाशामक इंजेक्शनांची संवय जठरास व मूत्रपिंडास घातक आहे. जुन्या कंबरदुखीविषयीं जागतिक आरोग्य संघटनेनें डिसेंबर २०२३ मध्यें जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्यांत व्यायाम व रोग्यास नीट समजावून सांगणें यांस स्थान आहे. कंबरपट्टा, वजनें लावून ताण देणें व अफूच्या जातीचीं औषधें नेहमींच्या उपचारांत नकोत असें म्हटलें आहे. आमच्या घरीं आईचा पट्टा अजून खुंटीवर आहे.

अंथरूण नको, औषध नको, असा अर्थ कोणी करून घेऊं नये. कंबरदुखीबरोबर लघवी अडणें किंवा न कळतां होणें, बसण्याची जागा बधिर होणें, पाय लुळा पडणें, अशीं चिन्हें दिसलीं तर त्याच दिवशीं मोठ्या रुग्णालयांत जावें. उद्यांवर टाकूं नये. रात्रीं निजल्यावर वाढणारें दुखणें, बारीक ताप, वजन उतरणें असल्यास मणक्याचा क्षय असूं शकतो, आणि तो औषधांनीं बरा होतो. थोडक्या पडण्यानेंहि वृद्ध स्त्रीची पाठ एकाएकीं दुखूं लागली तर मणका दबला आहे कीं काय हें छायाचित्र काढून पाहावें.

आपल्या संघानें येत्या मृगापूर्वीं बियाणें व खताची एकत्र खरेदी करतांना दोन गोष्टींचा विचार करावा अशी माझी सूचना आहे. जें बियाणें व खत २५ किलोंच्या पोत्यांत मिळूं शकतें तें तसेंच मागवावें. आणि प्रत्येक गांवास उभ्यानें चालवावयाचीं चार कोळपीं संघाच्या मालकीचीं असावींत; ज्यास हवें त्यानें नाममात्र भाड्यानें न्यावें. चार कोळप्यांचा बोजा संघास जड वाटूं नये. तणनाशकाच्या खरेदीकडे पाहिलें तर ही रक्कम लहानच दिसेल.

गेल्या खरिपांत मीं स्वतः अशीं दोन अवजारें आणलीं. पहिल्या दिवशीं बायका हंसल्या. "उभ्यानं खुरपणी होती का कुठं," असें एकीनें तोंडावर सांगितलें, आणि तीं झाडास टेकून ठेवलीं गेलीं. दुसऱ्या दिवशीं एक मुठीचा अडसर ढिला झाला तो लोहाराकडून नीट करून आणला. चवथ्या दिवशीं सर्वांत वडील बाईनें, जी दुपारीं हात धरल्याशिवाय उठत नसे तिनें, कोणास न विचारतां एक उचललें. त्या दोहोंपैकीं एक सध्यां शेजारच्या शिवारांत गेलेलें आहे, आणि तें परत येण्यापूर्वींच तिसऱ्यानें मागून ठेविलें आहे.